धोट्याचा मासा

“कायचा दोरा आणला हा वाशानं! एक गाठ धड बसून नाही राहिली. दोऱ्यातच जीव नाही, त्याले माणूस काय करंल?”

मी मागाच्या खोलीत धोट्यात घालायच्या कांड्या भरत बसले होते आणि ही कुरकुर पलीकडच्या छपरीतून आली. मध्ये फक्त एक जुनी चादर टांगलेली आहे, त्यामुळे छपरीतला सुस्कारासुद्धा आमच्याकडे पोचतो. बोलणारे मोतीलाल, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कुणाला ऐकवायला बोलत नव्हते. आदल्या दिवशी त्यांनी उजेडाला बोल लावला होता, त्याच्या आधी गळाच्या नेढ्याला. हाताचं नाव काढलं नाही.

दोऱ्यात काही खोट नव्हती. कोसा रेशीम होतं ते, माझ्याच हातानं गुंडाळलेलं. पण मी चरखा थांबवला नाही. थांबवला असता तर पलीकडे कळलं असतं की इकडे ऐकू गेलं.

आमच्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलायचं नसतं. डोक्यावर पदर, नजर खाली, समोरून यायचं झालं तर वाट सोडून भिंतीशी उभं राहायचं. आमच्या आंधळगावातल्या नव्या सुना हे काही पाळत नाहीत. भासऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून मोहाडीच्या बाजाराला जातात, आणि बरंच करतात. पण मी या घरात आले तेव्हा सासरे होते, रीत होती, आणि पुढे रीत गेली तरी सवय राहिली. मोतीलालांचं नाव इथे लिहिते आहे, तोंडानं अजून घेतलेलं नाही. त्यांना हाक मारायला माझ्याकडे शब्दच नाही. त्यांना मला काही सांगायचं असलं तर ते मागाच्या खांबाला सांगत. ‘कांड्या संपल्या.’ ‘पाणी आज मोठं गार हाय.’ खांब काही बोलत नसे, मी कांड्या नेऊन ठेवत असे. इतकी वर्षं खांबामार्फत आमचं चांगलं चाललं होतं. नवराबायकोत होतात तसे गैरसमज आमच्यात कधी झाले नाहीत.

मोतीलालांच्या हातची साडी लोक लांबून ओळखत. आमच्याकडे करवतकाठी विणतात. करवतीच्या दात्यांसारखी त्रिकोणांची ओळ काठभर जाते. काठाचे धोटे वेगळे, अंगाचा वेगळा, एक धोटा हातातून सुटतो न सुटतो तोच दुसऱ्याचा दोरा त्यात अडकवून घ्यायचा. हात जरा हुकला की दाता मोडतो, आणि मोडका दाता आख्ख्या साडीत तेवढाच दिसतो. ते आणि माझा नवरा वासुदेवराव, म्हणजे त्यांचा वाशा, एकाच मागावर शेजारी बसून विणायचे. वासुदेवरावांचा हात कधी जलद, कधी सुस्त, सासुरवाडीला जाऊन आले की तर फारच सुस्त. मोतीलालांची प्रत्येक फेक मागच्या फेकीसारखी. मी पलीकडे बसून त्या आवाजावर चरखा फिरवायची.

मागावरून उठले की त्यांना एकच नाद, गावच्या तलावावर जाऊन गरी टाकायची. बांबूची काठी, दोर, गळाला गांडूळ. पारीवर, तलावाच्या बांधावर, बसून राहायचे. मासा आला तर आला. शोभाताई, म्हणजे त्यांची बायको, माझी जाऊ, म्हणायच्या, “तुमाले मासे नाही पाहिजे, घरातून जाणं पाहिजे.” यावर ते हसत.

मग अंकुर आला. नागपूरचा मुलगा, बँकेत नोकरीला, सुट्टीला गाडीत काठ्या टाकून तलाव धुंडत फिरणारा. त्याच्याजवळ एक पेटी होती. उघडली की बांगड्यांचं दुकान लावल्यासारखं वाटे. रबरी बेडूक, चकाकणारे पितळी चमचे, डोळे रंगवलेले प्लास्टिकचे मासे, सगळ्यांच्या पोटाखाली तीन-तीन काट्यांचे गळ. खाण्यासारखं त्यात काही नाही. तलाव ज्या ढीवरांच्या मच्छीमार सोसायटीचा आहे, तिचे अध्यक्ष धनीराम तेव्हा पारीवरच उभे होते. त्यांनी एक बेडूक चिमटीत धरून उलटा केला.

“हे खाते मासा?”

“खात नाही काका, चिडते. मरळ म्हणजे गुस्सेवाला मासा. त्याच्या घरात कोणी घुसून फडफड करून राहिलं, तर तो मारतेच.”

“तुह्या नागपूरचा मासा चिडत असंल. आमचा शिकलेला हाय,” धनीराम म्हणाले, आणि तरी परवानगी दिली.

त्या दिवशी अंकुरचा एक मासा कमळाच्या देठात अडकला. मोतीलाल छातीभर पाण्यात शिरले आणि सोडवून आणला. लगेच परत दिला नाही. तळहातावर ठेवून फिरवून फिरवून पाहिला. घरी येऊन जेवताना म्हणाले, “शोभा, तो तं धोटाच हाय. निस्ता डोळा काढला हाय त्याले.”

आमच्याकडे जुने धोटे फेकत नाहीत. घासून निकामी झाले की माळ्यावर टाकतात. मोतीलालांनी त्यातला एक उतरवला. मधून कापला, तोंड निमुळतं केलं, पोटात खळगा कोरून धनीरामांकडून आणलेलं जाळ्याचं शिसं बसवलं. शेपटीला कोशाचा तुकडा, गालाला जर. मग घरामागच्या सांदवाडीतल्या टाक्यात सोडून पाहिला. पहिला मासा सरळ उताणा पडला.

शोभाताई भांडी घासत होत्या. म्हणाल्या, “मेला वो तुमचा मासा. रडू का?”

दुसरा कुशीवर चालला. तिसऱ्यात शिसं जरा मागे सरकवलं तेव्हा तो पोट खाली धरून उभा राहिला. मी चादरीच्या फटीतून पाहत होते. टाक्याच्या काठावर बसलेला तो मोठा माणूस लाकडाच्या तुकड्याला बोटानं ढकलत होता आणि हसत होता.

पण तलावात त्या माशाकडे मरळ फिरकेना. अंकुरनं कारण सांगितलं. “काका, तुम्ही साडी विणून राहिले. किती सरळ, किती सारखं ओढता! जिता मासा असा चालते का? तो जखमी वाटला पाहिजे. जरा कापला, थांबला, पुन्हा कापला. असा.” आणि मनगट झटकून दाखवलं. मोतीलालांनी खूप प्रयत्न केला. जन्मभर हात एकसारखा चालवायची सवय, तो बिघडवता येईना. ते झटकाही मोजून देत. पावसाळा गेला, हिवाळा गेला, त्यांना लहानसहान दोन मासे लागले आणि तेही, धनीरामांच्या मते, आंधळे होते.

पुढच्या वर्षी काठाचा एक दाता मोडला.

साडी मागावरून उतरवताना मी पाहिला. वासुदेवरावांनीही पाहिला. मोतीलाल म्हणाले, “हवा दमट हाय.” आम्ही तेवढी वीण उसवली. पुढच्या साडीत पुन्हा मोडला. मग हवा कोरडी होती, तर डोळ्यांना बोल लागला. भंडाऱ्याहून चष्मा आला. चष्म्यातून दाते आणखी स्वच्छ मोडलेले दिसले. मग एका सकाळी ते मागावर बसलेच नाहीत. “आता वाशा बसंल,” खांबाला म्हणाले, “मी जरा पारीवर जाऊन येतो.” ते ‘जरा’ अजून चालू आहे.

शोभाताईंनी त्यांच्या पेल्यात चहा अर्धाच ओतायला सुरुवात केली. का, ते कुणी विचारलं नाही. वरणाची वाटी गेली, वरण भातावरच पडू लागलं. वासुदेवराव त्यांची दाढी करायला न्हावी घरी बोलावू लागले, म्हणे दुकानात गर्दी असते. आमच्या गावच्या दुकानात गर्दी! मीसुद्धा त्यांच्या सदऱ्याची काजं मोठी केली. शिवणाचं मशीन काढलंच होतं, असं मनाशी म्हणत केली.

कुणी बोलत नव्हतं, कारण सगळ्यांनी हे आधी पाहिलं होतं. सासऱ्यांचं असंच झालं होतं. आधी एक हात, मग दुसरा, मग मान. पुढे पाय उंबऱ्याशी चिकटल्यासारखे व्हायचे, पाऊल निघायचं नाही. त्यांना छपरीत बसवलेलं असे आणि शाळा सुटली की पोरं समोर उभी राहून त्यांच्यासारखी मान हलवून दाखवत. परक्यांची पोरं नव्हती ती, आमच्याच नात्यागोत्यातली. शोभाताईंनी त्यांना शेवटपर्यंत हातानं भरवलं. त्या काळी कुणी दवाखान्यात नेलं नाही, म्हातारपण म्हणाले, बाहेरचं काही म्हणाले. ते गेल्यावर या घरात त्या दुखण्याचा शब्द कुणी काढला नाही. मोतीलालांनी वडलांचा फोटोसुद्धा खुर्चीत बसलेला नको, मागावरचा लावा म्हणून सांगितलं होतं.

आणि याच दिवसांत मासे येऊ लागले.

आता त्यांना काही करावंच लागत नसे. काठी हातात धरली, धोट्याचा मासा कमळाच्या पानांच्या कडेला पडला, की दोरातून हाताची ती थरथर आपोआप पाण्यापर्यंत जायची. कोशाची शेपटी बारीक बारीक कापायची. मध्येच थरथर क्षणभर कमी व्हायची, पुन्हा सुरू व्हायची. जखमी मासा अगदी असाच चालतो, अंकुर म्हणाला. पानाखालून काळी पाठ सरके, पाणी फुगे, आणि मरळ असा घाव घाले की पारीवरची बाई दचकावी. मोतीलाल घाई करत नसत. मासा तोंडात धरून खाली जाऊ देत, दोर ताठ झाला की मग काठी उचलत. एवढं मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

अंकुर वेडा झाला. “काय हात हाय काका!” त्यानं मोबाइलवर टाकलं, लोक बघायला लागले. त्या हालचालीला त्यानं नावही दिलं, मोतीकाका झटका. वासुदेवराव ज्याला त्याला सांगू लागले, “खानदानी हुनर हाय, कोष्ट्याचा हात हाय.” धनीराम पारीवर येऊन “मोतीलालभाऊ, मासा तुमच्या नावानं सोडला होता काय?” म्हणत. घरी मरळीचा रस्सा होऊ लागला. शोभाताई शेजारणींना वाडगे भरून देत आणि म्हणत, “आता या उमरीत त्याईचा हात बसला, बापा.” असं म्हणताना त्या वाडग्याकडे पाहत.

कापडातलं ऐब पाण्यात हुनर झालं आणि आम्ही सगळे त्या हुनराच्या आडोशाला जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, मलाही तिथे बरं वाटत होतं. पारीवर ते हसत होते. छपरीत बसलेल्या सासऱ्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं.

फक्त नवे मासे तयार होईनात. कोरण्याचं काम ते कसंबसं रेटत, पण शेपटीची गाठ बसत नव्हती. म्हणून सुरुवातीला सांगितलेली ती सकाळची कुरकुर. थोड्या वेळानं ते उठून गेले. मी छपरीत गेले तेव्हा खिडकीच्या फळीवर बिनशेपटीचा मासा पडला होता, शेजारी दोरा, सगळा गुंता झालेला. मी बसून शेपटी बांधली. तुटलेला ताणा सांधतो तशी बारीक गाठ मारली, वर मेण फिरवलं, आणि जिथे होता तिथे ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी फळीवर दोन मासे होते. तेही बांधले. तिसऱ्या दिवशी ते मागाच्या खोलीत आले, खांबापाशी जरा उभे राहिले.

“गाठ मजबूत हाय,” खांबाला म्हणाले.

मी कांडी भरत राहिले. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

धान निसवला त्या सुमारास गळ त्यांच्या अंगठ्यात शिरला. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो, आत गेला की मागे येत नाही. वासुदेवराव त्यांना गावच्याच दवाखान्यात घेऊन गेले. तासाभरात दोघं परत आले. मोतीलालांच्या अंगठ्याला पट्टी. वासुदेवराव अंगणातूनच मोठ्यानं म्हणाले, “काही नाही, काही नाही. धनुर्वाताची सुई देल्ली.”

संध्याकाळी धान पाखडताना मला एकटीला सांगितलं.

“डॉक्टरीणबाई अंगठा पाहूनच नाही राहिली. हातच पाहे. दादाले बोटं उघडझाप कराले लावली, चालाले लावलं. मंग त्याईले बाहेर बसवलं अन् मले म्हणे, याईले नागपूरले मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. औषध हाय म्हणे. पुरं बरं नाही होत, पण लय वर्षं माणूस आपल्या हातानं जेवते, आपल्या पायानं चालते. उशीर नका करू म्हणे.”

“मग?”

“मंग काय?”

“सांगितलं त्यांना?”

वासुदेवरावांनी सूप खाली ठेवलं. “मी सांगू? दादाले? तू सांग.”

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कुणाला सांगतो आहोत, आणि आम्ही दोघंही हसलो. ते हसू काही चांगलं नव्हतं.

मी शोभाताईंकडे गेले. त्या चुलीपाशी होत्या. मी सगळं सांगितलं, औषध आहे हे दोनदा सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली, पुन्हा उलटली.

“दिवाळी होऊ दे उषा.”

दिवाळी झाली. मी पुन्हा विचारलं. “मंडई होऊ दे. पाहुणे येतीन, त्याईच्यासमोर कायले.” आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, नाटक असतं, लेकीबाळी येतात. मंडई झाली.

“ताई, आता काय होऊ द्यायचं राहिलं?”

तेव्हा त्या माझ्यावर चिडल्या. “तुले काय वाटते, मले दिसत नाही? मी त्या म्हाताऱ्याले चारलं हाय. एकेक घास. मले पहिल्या दिवसापासून मालूम हाय. पण मी बोलली का ते त्या खुर्चीत बसले समज. आज पारीवर जातेत, चार लोकं वाहवा करतेत. तेवढं तरी राहू दे ना बाई.” मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “अन् औषध घ्याचं तं कायचं घेऊन राहिलो, हे त्याईले सांगा नाही लागत का?”

तेच होतं सगळं. ती डॉक्टरीण म्हणाली तितकी वर्षं औषधाच्या बाजूला होती, आणि मध्ये कुणीच न बोललेलं एक वाक्य आडवं पडलं होतं.

रविवारी अंकुर दोन मित्र घेऊन आला. या वेळी नुसते मासे नाही, हात जवळून घ्यायचा होता. लोक विचारत होते म्हणे, हा झटका मारायचा कसा. सकाळीच गावात बातमी पसरली. पारीवर माणसं जमली, धनीराम पांढरा सदरा घालून आले, वासुदेवरावांनी दाढी केली. शोभाताईंनी पोहे केले आणि चहाचा गंज माझ्या हाती दिला. मोतीलालांनी नवा मासा काढला, मी शेपटी बांधलेला. दोर ओवायला अंकुरनंच मदत केली, त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. म्हणाला, “उस्तादानं काय दोर ओवायचा असते?”

ऊन चांगलं वर आलं होतं. पाणी आरशासारखं, कमळाची पानं ताटासारखी पडलेली. मोतीलालांनी मासा फेकला. पानांच्या कडेला टप् पडला, वलयं मोठी होत गेली आणि मिटली. मग शेपटी कापू लागली. पान उचललं गेलं, पाणी फुटलं, काठी वाकली. चांगली हातभर मरळ निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धनीराम म्हणाले, “नाव तुमचं अन् मासा आमचा, लिहून घे रे पोट्ट्या तुह्या मोबाइलात.”

अंकुरनं स्वतः करून पाहिलं. तसंच मनगट, तसाच झटका. काही आलं नाही. मित्रांनी करून पाहिलं. त्यांच्या हातात तो मासा लाकडाचा वाटत होता.

“समजून नाही राहिलं,” अंकुर म्हणाला. त्यानं मोबाइल जवळ आणला. “काका, एक काम करा. आता पहिले हात एकदम थांबवा. मासा पाण्यावर शांत पडू द्या. मी ‘हां’ म्हटलं का मग सुरू करा. म्हणजे पाहणाऱ्याले फरक दिसंल, पहिले काय अन् मग काय.”

मोतीलालांनी मासा फेकला. वलयं उठली, मिटली. मिटायच्या आतच नवी उठली. बारीक, एकामागून एक.

“थांबवा ना काका.”

“थांबवून राहिलो.”

त्यांनी कोपर बरगडीला दाबलं. डावा हात उजव्यावर ठेवला. काठीचं टोक तरी हलत होतं. वलयं लहान झाली, थांबली नाहीत. इतकी माणसं पारीवर होती, पण कुणी त्यांच्या हाताकडे पाहत नव्हतं, सगळे पाण्याकडे पाहत होते.

“अरे, वारा हाय,” धनीराम म्हणाले. एक पान हलत नव्हतं.

“दादा सकाळपासून उभे हायेत,” वासुदेवराव म्हणाले. “थकले असतीन. बंद कर बाबू तुहा मोबाइल.”

“थंडी बाधली,” शोभाताई म्हणाल्या. “मी म्हणत होती स्वेटर घाला.” त्यांच्या कपाळावर घाम होता.

अंकुर भला मुलगा. त्याला काहीच कळलं नव्हतं. “एकच सेकंद काका. फक्त एक सेकंद हात थांबवा, बस.”

मोतीलालांनी पाय जरा फाकवून रोवले. ओठ दाबले. मान ताठ केली. दाता बसवताना ते असे व्हायचे, मी पाठीमागून कितीदा पाहिलं होतं. एक सेकंद मिळावा म्हणून तो माणूस अख्ख्या अंगाची ताकद लावत होता आणि पाण्यावर वलयं येतच होती.

मी चहाचा गंज गवतावर ठेवला. डोक्यावर पदर होता तो तसाच. शोभाताईंच्या बाजूनं पुढे गेले, वासुदेवरावांच्या पुढे, आणि मोतीलालांच्या समोर जाऊन उभी राहिले. हाक मारायला शब्द नव्हता, म्हणून हाक मारलीच नाही.

“राहू द्या,” मी म्हणाले. “ठेवा ती काठी खाली.”

शोभाताईंचा हात तोंडावर गेला. मोतीलालांनी माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांचे डोळे मी पहिल्यांदा पाहत होते, घारे निघाले. मला वाटलं, रागावतील. मला वाटलं, आता खांब शोधतील.

त्यांनी वाकून काठी गवतावर ठेवली. तलावात धोट्याचा मासा एकदा डोलला आणि गप्प झाला. पाणी सपाट झालं. त्यांचा रिकामा हात तसाच चालू होता, अंगठा बोटावर फिरत होता, तुटलेला दोरा पिळून सांधताना फिरतो तसा. त्यांनी तो हात मागे नेला नाही, सदऱ्यात लपवला नाही. आपल्याच हाताकडे ते जरा वेळ पाहत राहिले, शेजारच्या घरचं पोर पाहावं तसे.

अंकुरनं मोबाइल खाली केला.

“मी नाही हलवत, बाई,” मोतीलाल मला म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण मलाच. “कधीच नाही हलवला. बाबाले जे झालं होतं ना, तेच मले झालं हाय.”